वाचक: सुजित सोनटक्के

आमच्या कंपनीत संडासाच्या दारावरच्या सूचनेलाही वॉटरमार्क आहे. पानभर तिरकी राखाडी अक्षरं: ‘नियंत्रित प्रत’. त्या सूचनेत चोरून न्यावं असं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण आमच्या प्लांट हेडना, रविराज सरांना, वॉटरमार्क नसलेला कागद नागडा वाटतो. निघोज्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे ब्रॅकेट ठोकणारी ही कंपनी, पण आव असा की आत अणुबॉम्ब बनतोय.

हे वॉटरमार्क घालायचं काम माझं. डॉक्युमेंट कंट्रोल असं त्याला भारदस्त नाव आहे. मशीन कशी चालवायची याच्या सूचना टाइप करायच्या, कुणी त्यात फेरफार करू नये म्हणून पासवर्डनं कुलूपबंद करायच्या आणि शेडमधल्या स्क्रीनवर चढवायच्या. दिवाळीनंतर सरांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. फाइल जो उघडेल त्याचं नाव, चालू वेळ आणि तो कितव्या पानावर आहे, हे वॉटरमार्कमध्ये आपोआप उमटलं पाहिजे. मी तसं फील्ड बसवून दिलं. शेडमधली सगळी पोरं सुपरवायझर ज्योतीरामच्याच पासवर्डनं आत शिरायची, कारण तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला होता. त्यामुळे माझ्या फील्डच्या हिशेबानं कंपनीत वाचणारा माणूस एकच, ज्योतीराम, आणि त्या गड्यानं मोबाइलवरच्या जोक्सपलीकडे आयुष्यात काही वाचलेलं नाही.

फेब्रुवारीत तीन नंबरच्या प्रेसवर पत्र्याला आकार देणारी डाय फुटली आणि तुकडा सुजित सोनटक्केच्या तोंडावर आला. दोन्ही डोळे गेले. लातूरकडचा पोरगा, कुरुळीत खोली करून बायकोबरोबर राहायचा. प्रेसच्या पुढे जाळी असते आणि जाळी उघडी असली की सेन्सर मशीन चालूच होऊ देत नाही. त्या दिवशी सेन्सर बंद होता. बंद ठेवायला सरांनीच सांगितलं होतं, आणि आमची खासियत बघा, तेही लेखी! जे कराल ते कागदावर असू द्या, असं ऑडिटवाले सांगून जातात. म्हणून सूचनेच्या चौथ्या पानावर ‘तात्पुरती परवानगी’ अशी रीतसर चौकट होती: उत्पादन मागे पडल्याने जाळीचा सेन्सर बंद ठेवून मशीन चालवावी. खाली सरांची सही. गुन्हासुद्धा फॉरमॅटमध्ये. यांच्या अकलेची मला कीव येते.

सोमवारी सकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“गुरुवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येतोय. पान चारवरची चौकट काढ. ‘सेन्सर चालू असल्याची खात्री करावी’ असं टाक. वाचक म्हणून सुजितचं नाव आणि जानेवारीची तारीख. फिक्स करून टाक.”

“सर, म्हणजे चूक त्याची ठरेल.”

“ज्ञानेश, तू फॉन्ट बघ.”

म्हणजे डोळे गेलेला माणूस वर बेजबाबदार ठरणार. सूचना वाचूनही सेन्सर त्यानंच बंद केला असं होणार, कामावरून जाणार आणि पुढे त्याचं कुणी ऐकूनही घेणार नाही. मला संताप आला. तो संताप घेऊन मी जागेवर गेलो आणि सांगितलेलं सगळं निमूटपणे केलं. माझ्यासारख्यांच्याच जिवावर सरांसारखे माजतात.

फाइल कुलूपबंद केली आणि तपासायला उघडली. जानेवारीची तारीख कुठेच नव्हती. वॉटरमार्कमध्ये होतं: वाचक सुजित सोनटक्के, पान एक. वेळ चालू होती, त्याच मिनिटाची.

फाइल मी उघडली होती, तर नाव माझं यायला हवं होतं. सुजितचं स्वतःचं, कधी न वापरलेलं लॉगिन अपघाताच्या दिवशीच बंद झालं होतं, ते बंदच असल्याचं मी पाहिलं. मग ज्योतीरामला फोन लावला.

“सुजितच्या नावानं कोण फाइल उघडतंय रे?”

“कोन उघडनार, साहेब? मी तर हितं लायनीवर हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आन् त्याचं नाव बी कुनी घेत न्हाई आता हितं.”

मी फील्ड मुळापासून काढून टाकलं आणि जानेवारीची तारीख साध्या अक्षरात टाइप केली. परत कुलूप घातलं, परत उघडलं. माझी अक्षरं गेली होती आणि फील्ड जागेवर आलं होतं. आता पान दोन म्हणत होतं. मी पहिल्या पानावर गेलो, शेवटच्या पानावर गेलो, तरी दोनच. मी कुठे आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

चहा पिऊन आलो तेव्हा पान तीन झालं होतं. ओळीखाली बोट धरून वाचणाऱ्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागत होता.

मी प्रिंट काढून सरांना दाखवली. त्यांनी कागद नीट पाहिलाही नाही. “नाव आलंय ना? मग तारखेवर शिक्का हाण, दिसायची नाही. दवाखान्यात जा आणि ‘वाचले, समजले’च्या पुढे त्याचा अंगठा घेऊन ये.” कंपनीत हे नेहमीचंच आहे. आधी अपघात, मग वाचन. मी तारखेवर शिक्का मारला आणि शाईचा पॅड बॅगेत टाकला.

मोशीच्या ट्रॅफिकमधून गाडी काढत चिंचवडला पोचेपर्यंत दुपार झाली. वॉर्डाच्या दाराशी सुजितची बायको जयमाला उभी होती. कंपनीचं ओळखपत्र बघून तिनं पदर सावरला.

“या साहेब. सकाळपासून कायबाय बोलायलेत. डॉक्टर म्हनले गुंगीत हायत, ध्यान देऊ नका.”

सुजित पाठीला उशी लावून बसला होता. कपाळापासून नाकापर्यंत बँडेज. डेटॉलचा वास, शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोललेलं. तो सपाट आवाजात बोलत होता.

“हातमोजे घालावेत. डाय कोरड्या फडक्याने पुसावी. डाय कोरड्या फडक्याने पुसावी.”

पान तीन. ती ओळ माझ्याकडून चुकून दोनदा टाइप झाली होती. आजपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“यांना कुणी वाचून दाखवलं का?” मी विचारलं.

“कोन दाखवनार? कंपनीतून तुमीच पयले आलात.”

सुजितनं अंगठा जिभेला लावला आणि पांघरुणावर नसलेलं एक पान उलटलं.

मी हातातल्या प्रिंटकडे पाहिलं. छापलेला कागद होता तो. शिक्क्याच्या शाईतून वर आलेली वेळ आत्ताची होती. तीनच्या जागी चार होतं.

“तात्पुरती परवानगी,” सुजित म्हणाला.

मग त्यानं चौकट सबंध वाचली. मी सकाळी पुसलेली. सेन्सर बंद ठेवून मशीन चालवावी, इथपासून ते सरांच्या पूर्ण नावापर्यंत.

जयमालानं माझा हात धरला. “साहेब, हे खरंच लिवलेलं हाय का ओ?”

खोटं बोलता आलं असतं. तेवढ्याचसाठी मला पाठवलं होतं.

“होतं,” मी म्हणालो. “गुरुवारी कंपनीत या. इन्स्पेक्टरला पान चार उघडायला सांगा.” पान चारवर आता काही नाही, हे माहीत असूनही मी ते बोललो. अंगठा न घेताच उठलो.

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून सुजित बोलला. आवाज आता गुंगीतला नव्हता.

“केबिनमधून बरं दिसतं, सर. एसी जरा कमी करा. डोळ्याला गार लागतंय.”

त्या वॉर्डात एसी नव्हता. एसी होता तो रविराज सरांच्या केबिनमध्ये.

गुरुवारी जयमाला आली. इन्स्पेक्टरसमोर तिनं पान चार मागितलं. सर माझ्याकडे बघून हसले आणि मान हलवली. मी फाइल उघडली.

चौकट जागेवर होती. सहीसुद्धा. कुलूप तसंच, माझ्याच पासवर्डचं.

इन्स्पेक्टरनं स्क्रीनचे फोटो घेतले. “सुजित सोनटक्केवर ठपका ठेवता येणार नाही,” तो म्हणाला, आणि जयमाला खुर्चीवर बसून रडली. मी काहीही परत घातलेलं नव्हतं. हे मी आजही कुणालाही छातीला हात लावून सांगेन.

सगळे गेल्यावर सरांनी बोलावलं. शिव्या ऐकायची तयारी ठेवूनच मी आत गेलो. ते एक कागद डोळ्यांपासून लांब धरत होते, जवळ आणत होते.

“ज्ञानेश, सगळ्या फाइल कोऱ्या का केल्यास?”

कागद भरलेला होता. खरेदीची ऑर्डर, गच्च मजकुराची.

“कोरी नाही, सर.”

“वॉटरमार्क तेवढा दिसतोय.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकामागून एक फाइल उघडत गेले. प्रत्येकीवर वाचक सुजित सोनटक्के. सरांना मी दिसत होतो, खिडकी दिसत होती, खिडकीबाहेरचे ट्रक दिसत होते. अक्षरं तेवढी दिसत नव्हती.

“वाचून दाखव,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदाच हळू बोलला.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आता आयुष्यभर कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बस म्हणावं. मी खुर्ची ओढली, आरामात बसलो आणि ऑर्डरची पहिली ओळ खणखणीत आवाजात वाचली.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर थांबलो.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

काही नाही. मघाशी गच्च भरलेल्या त्या कागदावर आता मला दोन शब्दांची जागा रिकामी दिसत होती. तिथून मागचा वॉटरमार्क स्वच्छ दिसत होता.