पिठातले सहा फोन

लॅपटॉप ओढणीखाली छातीशी धरून मी दिंद्रुडच्या बस स्टँडसमोरच्या नव्या दुकानात शिरले, तर आत पीठ उडत होतं.

चुकून गिरणीत शिरले की काय, म्हणून मी एक पाऊल मागे घेऊन पाटी वाचली. ‘मोबाईल व लॅपटॉप रिपेरिंग’ असंच लिहिलं होतं. काउंटरमागे एक तरुण उघडलेल्या फोनवर ब्रश फिरवत होता आणि त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“या, बसा,” तो वर न बघताच म्हणाला. “एवढं ज्वारीचं पीठ काढतो अन् तुमचं बघतो.”

“फोनमध्ये पीठ?”

“एका न्हाई, सहा फोनमध्ये हाय.” आता त्याने वर पाहिलं. डोळे हसरे होते, पण तो चिडलेला होता. “सातजणी एकाच रानात खुरपायला गेलत्या. भुरभूर आली, सहाजणींचे कमरेला खोचलेले फोन भिजले. सातवीचा तेवढा कोरडा राहिला. तिच्या फोनवर बांधावर बसून सगळ्यांनी एक व्हिडिओ बघितला. ती बाई सांगती, भिजलेला फोन तांदळात ठेवा, तांदूळ नसतील तर घरात जे कोरडं असंल त्यात दाबून ठेवा. आता आपल्याकडं घरात कोरडं काय असतंय? पिठाचा डबा! त्या ‘सोपं हाय’वालीला एकदा इथं आणून बसवायला पायजे…”

मी बसले.

कारण ‘सोपं हाय’ हे माझंच चॅनल होतं. वर्षभर मी त्यावर फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या टिपा सांगत होते. व्हिडिओत फक्त माझे हात दिसायचे आणि आवाज ऐकू यायचा. चेहरा दाखवायचा नाही, ही अण्णांची अट होती. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर आहेत, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना ओळखतो आणि उरलेला अर्धा त्यांना घाबरतो. मी बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढणार म्हणाले, तेव्हा त्यांनी दुसरी अट घातली होती. “येत्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये सुरू कर. पण एक तक्रार आली, दीपमाला, एक जरी आली, तर लॅपटॉप कपाटात अन् किल्ली माझ्या खिशात.” अण्णा फाडलेलं तिकीट आणि दिलेला शब्द कधी मागे घेत नाहीत.

तो दिवस मंगळवार होता. रविवार पाच दिवसांवर, आणि तक्रारी समोर ओळीने सहा पडलेल्या. त्यातला निळ्या कव्हरचा फोन मी लगेच ओळखला. मनकर्णामावशीचा! वर्गात सगळ्यात आधी नाव दिलेली बाई.

“चालू होतील ना?” मी विचारलं.

“पाच होतील. निळ्याचं सांगता येत न्हाई. नातवाच्या बारशाचे फोटो हायेत त्याच्यात, लेक चाकणला असती. काल इथं बसून रडल्या बिचाऱ्या. त्यांचं सिम मी माझ्या जुन्या फोनमध्ये घालून दिलंय, तेवढं बोलणं तरी व्हतं.” त्याने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, उलटा केला, स्क्रू काढले आणि चिमट्याने आतून एक लांब लाल दोरा ओढून काढला. “हा गोधडीवर ठेवून वापरता व्हय?”

“…हो.”

“म्हणून तापून बंद पडतंय. खालून हवा घेतंय ते. पाटावर ठेवत जावा. सोपं हाय.”

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी लॅपटॉप घेतला आणि पाऊस असूनही घाईघाईने बाहेर पडले.

रात्रभर विचार करायची मला सवय नाही. मी चहा संपायच्या आत ठरवते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्याच्या दुकानात उभी राहिले.

“हे फोन साफ करायला मला शिकवा.”

“कावून?” त्याने भुवई उचलली. आज ती काळी होती.

“आवड आहे.”

तो माझ्याकडे थोडा जास्तच वेळ पाहत राहिला. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. “मी समाधान. गाव तलवाडा. दोन म्हैनेच झाले इथं येऊन. ब्रश असा धरायचा, हलका. अन् टाचणी लावायची न्हाई कुठं.”

अशी आमची शाळा भरली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार… दुपारी दोन तास. मोठ्या भिंगाच्या दिव्याखाली दोन डोकी वाकलेली, बाहेर भुरभूर आणि बसची घरघर. चार्जिंगच्या फटीत बसलेलं पीठ ओलं होऊन कणकेसारखं घट्ट झालं होतं. ते मऊ ब्रशने थोडं थोडं मोकळं करायचं आणि फुंकर न मारता रबरी पंपाने उडवायचं. फुंकर का नाही, तर तोंडातून ओल जाते. पहिल्याच दिवशी मी फुंकर मारली आणि सगळं पीठ त्याच्या चेहऱ्यावर!

“आता भाकरी थापा,” तो डोळे पुसत म्हणाला, आणि मी वर्षभराचं साठलेलं हसू हसले.

त्यानेच मला खरं काय ते सांगितलं. भिजलेला फोन आधी बंद करायचा, चार्जिंगला मुळीच लावायचा नाही, सिम काढायचं, पंख्याखाली उभा ठेवायचा आणि लवकर दुकान गाठायचं. “तांदळानं काय बी व्हत न्हाई. फोन तांदळात मुरतो अन् तिकडं पाणी आत मुरतंय.”

मी सुद्धा त्याचं एक काम केलं. त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तो बटण दाबून चहा प्यायला जायचा. मी पाहिलं तर सुरू होतानाच चौदा प्रोग्राम आपोआप उघडत होते. मी अकरा बंद करून टाकले.

“आरं तिच्या! लगेच झाला!” तो स्क्रीनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. “आता माझा चहा गेला की.”

“मग इथेच मागवा. दोन.”

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. तोवर तो चहा सांगायला उठलाही होता… आणि उठताना त्याचं डोकं दिव्याला आपटलं.

शुक्रवारपर्यंत पाच फोन सुरू झाले. प्रत्येक फोनचा पडदा उजळला की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो आणि लगेच नजर वळवायचो. निळा फोन मात्र गप्पच होता. “उद्या बघू,” समाधान रोज म्हणायचा आणि तो खणात ठेवून द्यायचा. मला घरी झोप लागत नव्हती. निम्मी मनकर्णामावशीच्या काळजीने, आणि निम्मी… ते जाऊ द्या.

शनिवारी मी सकाळीच गेले. रविवारी वर्गात सगळ्यांना खरं सांगायचं मी पक्कं केलं होतं. अण्णांनी लॅपटॉप कपाटात टाकला तरी चालेल. पण मावशीसमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं नव्हतं.

“निळ्याचं काय?”

“अजून न्हाई,” समाधान खाली बघत म्हणाला. “सोमवारी या… मंगळवारी बी येऊन बघा.”

तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले आणि बंद खणातून मोठ्याने गजर सुरू झाला. मनकर्णामावशीचा बीपीच्या गोळीचा गजर! मीच लावून दिला होता तिला, उन्हाळ्यात.

मी काउंटरला वळसा घालून खण ओढला. निळा फोन ठणठणीत होता. पडद्यावर गुबगुबीत नातू, कपाळाला काजळाची तीट.

“कधी सुरू झाला?”

“…गुरुवारी.”

“गुरुवारी! आणि तुम्ही मला तीन दिवस—”

“तुमचा सगळा जीव ह्याच फोनात व्हता.” त्याचे कान लाल झाले. “हा दिला असता तर तुमी कशाला आल्या असत्या पुन्हा?”

मला इतका राग आला, आणि त्या रागाच्या आत इतकं गोड काहीतरी हललं, की मी आणखी चिडले. “म्हातारी तिकडे नातवाचा चेहरा बघायला तळमळतेय! लाज नाही वाटत लपवाछपवी करायला?”

“वाटती की,” तो शांतपणे म्हणाला. “चूक झाली. पर मी फोन लपवला, अन् तुमी माझी कमेंट उडवली. त्याचं काय?”

“कसली कमेंट?”

“‘ताई, ही टीप चूक हाय, व्हिडिओ काढून टाका.’ पहिल्याच दिवशी लिवलीती मी, तलवाड्यातून. तासाभरात गायब!”

आठवलं मला. कोण हा मोठा शहाणा, असं म्हणत मीच ती रागाने उडवली होती. ती ठेवली असती, तर सहाच्या सहा फोन वाचले असते.

“म्हणजे… तुम्हाला माहीत होतं? मी कोण ते?”

“‘चालू होतील ना?’ एवढं बोललात तवाच. साठ व्हिडिओ ऐकलेत मी. एकटा जेवतो ना, सोबतीला तुमचा आवाज लावतो.” तो थांबला. “तुमी आपणहून सांगायची वाट बघत होतो. न सांगता रोज येऊन पीठ काढत बसलात… तेव्हा तर मी लईच…”

“लईच काय?”

तो ब्रश पुसायला लागला. बाहेर बस लागली, सुटली.

“हे बघा,” मी फोन पर्समध्ये टाकत म्हणाले. “मी उद्या हॉलमध्ये माझी चूक सांगणार आहे. चेहरा दाखवून. तोच व्हिडिओ टाकणार आहे. तुम्हाला जे काही म्हणायचंय ते त्याच्याखाली लिहा, सगळ्या गावाला दिसेल असं. खणात लपवून ठेवलेलं मला चालत नाही.”

“अन् उडवली तर?”

“लिहून तर बघा.”

रविवारी वंदना झाली, सतरंज्या पसरल्या, आणि बावीस बायका माझ्याकडे तोंड करून बसल्या. मागे दाराशी अण्णा हाताची घडी घालून उभे. मी फोन स्टँडला लावला आणि या वेळी कॅमेरा हातांवरून वर उचलला. अण्णांच्या कपाळावर आठी चढलेली मला दिसली.

“जय भीम. मी दीपमाला. ‘सोपं हाय’ माझं चॅनल आहे. भिजलेल्या फोनची टीप मी चूक सांगितली. एकाने वेळेवर सावध केलं होतं, त्याचं मी ऐकलं नाही, उलट त्याची कमेंट उडवली. सहाजणींचे फोन माझ्यामुळे बिघडले होते. ते आता नीट झालेत, पण चूक माझीच आहे.” मग मी बरोबर काय करायचं ते एकेक करून सांगितलं आणि निळा फोन मनकर्णामावशीच्या ओंजळीत ठेवला. तिने पडद्यावरच्या नातवाला पदराने पुसलं.

अण्णा पुढे आले.

“बोला. कुणाची तक्रार हाय?”

“माझी हाय, निवृत्तीभाऊ,” मनकर्णामावशी उठून उभी राहिली. “तुमच्या पोरीनं आठवड्यात एकच दिस शिकवायचं ठरवलंय. एका दिसात काय व्हतंय? चूक कबूल करणारी मास्तरीण मला तर पैल्यांदाच घावली. दोन दिस ठेवा म्हणावं.”

बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मला रडूच आलं.

संध्याकाळी व्हिडिओ टाकला. अण्णा शेजारी चहा पीत बसले होते. मी पाटावरच्या लॅपटॉपसमोर बसून नुसती वाट बघत होते. दहा मिनिटं… वीस… मग एक कमेंट आली.

‘टीप एकदम बरोबर. मागच्या वेळी मी ताई लिहिलं होतं. तो शब्द परत घेतो. कावून ते बाईंना माहीत हाय. दुकानातलं दुसरं स्टूल मोकळं ठेवलंय, ते दुसऱ्या कुणाला देणार न्हाई. — समाधान, तलवाडा, हल्ली दिंद्रुड.’

माझं बोट त्या ओळींवर गेलं. एक बटण दाबलं की उडते, हे मला चांगलं माहीत होतं. मी दुसरं दाबलं. त्याने कमेंट सगळ्यांच्या वर टाचली जाते आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसते.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मी नजर खाली केली नाही.

“हे तू वर लावलंस?”

“हो, अण्णा. मी लावलं.”

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

“बोलव त्याला रविवारी घरी,” ते उठत म्हणाले. “माझा बी फोन लई तापायलाय.”