नागसेनची जागा

लुंबिनीची शिलाईची परीक्षा होती. सोबतीला म्हणून शेजारची पारूबाई निघाली. परीक्षा जुन्या बंद कारखान्यात होती, अन् खरं तर पारूबाईला तो आतून बघायचा होता.

“मावशी, तुमीबी परीक्षा देता का?” लुंबिनीनं ऑटोत विचारलं.

“मला टाके न्हाई येत माय, टोमणे येतेत.”

भोकर रस्त्यावरचा तो मोटारींचा कारखाना कैक वर्षं ओस पडला होता. आता त्याच शेडमध्ये बसगाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचं काम निघालं होतं, अन् आधी आसपासच्याच बायांना घेणार होते. काम मिळालं नाही तर लुंबिनीला भावाकडं पुण्याला जावं लागणार होतं. नवऱ्याच्या घराला कुलूप लावून.

तिचा नवरा नागसेन इथंच मोटारींना दारं बसवायचा. तिथला रिवाज असा, की पुढच्या पाळीचा माणूस येऊन “जा, मी आलो” म्हणेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. कारखाना बंद पडला त्या दिवशी दुसरी पाळी फाटकावरूनच परत पाठवली. आत नागसेन आपला उभाच. शेवटी वॉचमननं दंडाला धरून बाहेर आणला. त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. तापातही विचारायचा, “आला का गं पुढचा?”

शेडमध्ये भरदुपारी सांजावल्यासारखं होतं. नव्या चुन्याच्या वासाखालून जुन्या ऑइलचा वास येत होता. सुपरवायझर दीपमालानं लुंबिनीला कोपऱ्यातल्या खांबापाशी मशीनवर बसवलं.

“हितंच उभं ऱ्हायचे ते,” लुंबिनी पुटपुटली.

मशीन खडखडू लागली. अन् मध्येच थांबली. पारूबाईनं बघितलं, तर लुंबिनीच्या खांद्यावरचा पदर दबला होता. बोट न् बोट उमटलं होतं. मागं तर कुणीच नव्हतं.

“मावशी... पुढचा आला का, इचारतेत...”

पारूबाई मशीनपाशी सरकली. “मग म्हण की बाई... मी आले म्हण, जा म्हण. सुटू दे त्याला.”

लुंबिनीचे ओठ हलले. मग तिनं मान कलती केली अन् त्या खांद्यावर हळूच गाल टेकवला.

“न्हाई मावशी... म्हणलं की जातेल. इतक्या वर्सांनी हात लागलाय.”

डोळे पुसून तिनं कव्हर पुरं केलं अन् दीपमालापुढं धरलं. “म्याडम, मला बाजूची मशीन द्या. ही तेवढी रिकामी ऱ्हाऊ द्या.”

“आल्या आल्या नखरे!” दीपमाला हसली. पण शिलाई बघून तिनं काम दिलं.

आता लुंबिनी रोज दोन डबे नेते. “दुसरा कुणाचा गं?” म्हणलं, की नव्या नवरीसारखी लाजते. संध्याकाळी पारूबाई झाकणं उघडून बघतेच. दोन्ही डबे पुसून घेतल्यासारखे रिकामे असतात.

अन् लुंबिनीच्या मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत घसरते.