बदकापुढच्या अक्षता

अमेरिकेत आटपाट कॅरी गाव होतं. तिथे तळ्याकाठी गुरुदत्त नावाचा रिटायर झालेला इंजिनियर राहायचा, आणि त्याची बायको रेणू. एकुलती लेक चारुता बापाशी भांडून दूर चँडलरला गेली, ती गेलीच. फोन नाही, दिवाळी नाही. रेणू वाट बघून बघून दमली होती.

गुरुदत्तला नाद एकच, जुनी लाकडी बदकं जमवायची. हाताने कोरलेली, रंग उडालेली. पुसता पुसता रेणूचे खांदे भरून यायचे.

"अहो, ही मेली लाकडं करतात तरी काय?"

"बोलावतात," तो म्हणाला. "शिकारी ही पाण्यात सोडून बंदूक घेऊन गवतात दडायचा. उडणाऱ्या बदकांना वाटायचं, आपलंच कुणी निवांत बसलंय, भीती नाही. की उतरलीच खाली!"

एका शनिवारी त्याने समुद्राकडच्या कुणा मेलेल्या शिकाऱ्याच्या घरातून आणखी एक आणलं. मान जराशी वळलेली, काचेचे डोळे. खिडकीत ठेवलं. सकाळी त्याच्याखाली ओल. पुसली, तर पुन्हा ओल, आणि चिखलाचा वास.

घरात कार्य निघालं की पहिलं बोलावणं देवापुढे अक्षता ठेवून करायचं, ही आपली रीत. त्या दिवेलागणीला रेणूने देवापुढच्या अक्षता उचलल्या नि बदकापुढे ठेवल्या.

"बोलावणं हेच तुझं काम ना रे? मग माझ्या लेकीला बोलाव..." म्हणाली, आणि खुर्चीत टेकली.

बाहेर वारा नव्हता. तरी तळ्याकाठचं गवत एका जागी हळूहळू दबलं, कुणी बसावं तसं.

त्याच आठवड्यात दार वाजलं. दारात चारुता. हातात बॅग, पोट पुढे आलेलं.

"अगं, कळवायचं तरी!"

"ठरवलंच नव्हतं गं आई. मीटिंगमधून उठले, डायरेक्ट एअरपोर्ट. सारखं वाटत होतं, तू खिडकीत बसलीयेस... एकदम निवांत. काही भीती नाही..."

रेणूने वळून खिडकीतल्या बदकाकडे पाहिलं.

"बाबा, अजून बदकंच?" लेकीने आत डोकावून विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरी. न सांगता निघून जात नाहीत," गुरुदत्त म्हणाला, आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिला.

ते बदक रेणूने दुसऱ्याच दिवशी घराबाहेर काढलं, देऊन टाकलं. ओल थांबली. पुढे चारुताला मुलगी झाली, पाळणा हलला, बापलेकीचा अबोला सुटला. देवाने इतक्या वर्षांनी घर भरलं.

गवत तेवढं उभं राहत नाही. गुरुदत्त मशीन फिरवतो, सकाळी पुन्हा दबलेलं. पण आता तळ्याकाठी नाही. रोज थोडं अलीकडे सरकतं. काल तुळशीच्या कुंडीपाशी होतं.

"आई, फटाका फुटल्यासारखा वास येतोय का गं?" चारुताने विचारलं.

 रेणूने पाळणा खिडकीपासून ओढला, आणि थकून खिडकीच्या नि त्याच्या मध्ये स्वतः बसली...