खोटं बोलणारा घसा

औषधाच्या फवाऱ्यानं घसा इतका बधिर झाला होता, की यिल्डूला तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. तीन महिने आवाज बसलेला. आज लेवार्डन शहरातल्या दवाखान्यात ती टक्क जागी असताना डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, स्वरयंत्राचा बारीकसा तुकडा चिमटून काढला. कर्करोग आहे की नाही, ते आठवड्यानं कळणार.

"घसा ताळ्यावर येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही," बाहेरच्या बाकावर शेजारून एक घोगरा आवाज आला. "आणि तुम्ही बाटलीकडे फार प्रेमानं बघताय."

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात?"

"छे... बाटलीकडे." आणि तो लाजला.

तो हिल्के. शिडाच्या बोटीवरचा कप्तान. त्याचाही तुकडा आजच काढलेला. ती मुलांना पोहायला शिकवायची. म्हणजे दोघंही ओरडून पोट भरणारी. मग आठवडाभर फोनवर कुजबुज चालली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

निकालाच्या दिवशी यिल्डू जवळजवळ नाचतच बाहेर आली. साधी गाठ, कर्करोग नाही!

"आणि तुझं?" तिनं दाराशी थांबलेल्या हिल्केला विचारलं.

"माझंही काही नाही," तो म्हणाला... जरा जास्तच पटकन.

"मग चल, कॉफी!"

"आज नको. एक काम आहे."

नजर चुकवून बोलला. आनंदाचं एक अक्षर नाही. दुसरी कुणीतरी आहे, तिच्या मनात आलं. ती सायकलीपर्यंत गेली, वळून पाहिलं – हा परत आत! ती मागोमाग निघाली. वरच्या मजल्यावर एक देखणी बाई त्याच्या दंडावर हात ठेवून बोलत होती.

"ही कोण?" यिल्डूनं विचारलं.

"मी नर्स," बाई गोंधळून म्हणाली. "यांच्या किरणोपचाराच्या तारखा ठरवतेय."

यिल्डू हिल्केकडे वळली.

"खोटारड्या!"

"लवकर सापडलंय. बरं होईल म्हणतात," हिल्के पुटपुटला. "तू आत्ताच सुटलीस यातून. तुला परत कशाला अडकवू?"

"मला वाटलं, दुसरी कुणी आहे."

"ते बरं झालं असतं?"

"तिला झिंज्या धरून हाकललं असतं!" ती रडत होती, हसतही होती. "आता या रोगाला कुठून धरू?"

"यिल्डू... मला तू फार आवडतेस."

तिनं त्याची बोटं घट्ट धरली.

नर्सनं हळूच विचारलं, "सोमवारपासून सुरू करायचं?"

हिल्केनं यिल्डूकडे पाहिलं.

"सोमवार जमेल आम्हाला," ती म्हणाली.