राहू दे

पडद्याची शिवण उसवली होती, एवढंच काम. समोरच्या घरात नव्याने आलेल्या मावशींना कुणीतरी सांगितलं असावं की मी घरी शिवणकाम करते. त्यांचा पडदा शिवून परत द्यायला गेले, तर त्यांनी एक जड, सुरेख कात्री माझ्या हातात ठेवली. संकोच वाटला की आपण म्हणतो तेच मी म्हटलं, "राहू दे, मावशी." त्या केवढ्या खूश झाल्या.

मग शाल आली, मग दिवा. मी "राहू दे" म्हणायची आणि वस्तू घरात यायचीच. तिच्यामागोमाग मावशींची एखादी इच्छाही यायची, लाडीगोडीने. तुझ्या घराची एक किल्ली माझ्याकडे असू दे. धाकटीशी रोज काय गं एवढं बोलतेस? धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे यायची होती. तिच्यासाठी आवरलेली आतली खोली मावशींना फार आवडायची. एकदा मी कुरकुरले, तर त्यांचे डोळे भरून आले आणि मीच माफी मागून बसले. चूक कुणाची, तेच मला कळेनासं झालं होतं.

फोनवर धाकटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, ती देत नाहीये. तुला मिंधं करतेय."

त्याच दुपारी सगळ्या वस्तू पिशवीत भरून मी समोर गेले. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. पडदे ओढलेले. आत सामान काहीच नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. मग ही बाई झोपते कुठे?

"मला हे नको," मी म्हटलं.

"आता नको?" त्या हळूच म्हणाल्या. "मी दर वेळी विचारत होते... तूच म्हणालीस, राहू दे."

"ते... ते वस्तूंबद्दल..."

"मी कुठे वस्तूंबद्दल विचारत होते?"

पिशवी उंबऱ्यावर टाकून मी पळाले. कुलूप बदललं. त्यानंतर मावशी दिसल्याच नाहीत. सुटले असं वाटायचं, आणि आपण म्हाताऱ्या माणसाला दुखावलं असंही वाटायचं.

धाकटी आली. बॅग ठेवायला आतल्या खोलीत गेली आणि हसत बाहेर आली.

"किती प्रेमळ आहेत गं त्या. आल्या आल्या मला बांगडी देत होत्या."

"कोण... कुठे?"

"पलंगावर बसल्यात ना त्या आजी."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? संकोच वाटला. आपण म्हणतो तेच."

आतून कापड कापल्याचा आवाज येत होता. कात्री तर मी परत केली होती.