राव्हेन्नाचं ठेंगणं दार

शुक्रवारी सकाळी मी गाडीच्या चाकांत हवा भरून आणली, थर्मासमध्ये कॉफी ओतली आणि अंगणात येऊन उभा राहिलो. पो नदीच्या बांधापासून आमच्या दारापर्यंत धुकं साचलं होतं. नोव्हेंबरात ते असतंच. मी सगळं आयुष्य दुधाचा टँकर चालवला, गोठ्यांपासून चीजच्या कारखान्यापर्यंत; धुकं मला नवं नाही. पण आर्जियाला उशीर होत होता, आणि घाईघाईत मी तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा एकदा मारली.

कोंबड्यांच्या खुराड्याकडून पावलं वाजली. मी तिकडे वळलो. आर्जिया मात्र घराच्या दारातून बाहेर आली.

"लेआर्को, अक्कल गहाण ठेवलीस का? धुक्यात कुणी नावाने हाक मारतं?"

बांधावरच्या लोकांची ही जुनी चाल. धुक्यात माणसाला शीळ घालून बोलवायचं, नाव घ्यायचं नाही. नाव ऐकून कोण वळेल सांगता येत नाही, असं माझी आई म्हणायची. आम्हा दोघांची शीळ लग्नाच्याही आधीची. दोन खालचे सूर, एक वरचा.

"खुराड्याकडे कोण होतं?" मी विचारलं.

"कोंबड्या. आणखी कोण, पोप?"

ती गाडीत बसली. मी दार लावून घेतलं.

सोमवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. झडप बदलायची होती. डॉक्टर सरळ माणूस. 'टेबलावरून उठल्या तर पुढे काळजी नाही, पण उठतील असं लिहून देत नाही,' म्हणाला. तोवर पडून राहा, म्हणाला. आर्जियाने तेवढंच नेमकं ऐकलं नाही. तिने जन्मभर पास्ताच्या दुकानात कणीक लाटली. दूधसंघाच्या कॅलेंडरावर दरवर्षी आमच्याच मुलखातली चित्रं यायची. पार्माचा घुमट, मोदेनाचे मातीचे पुतळे, फेर्राराचा किल्ला, राव्हेन्नाचं निळं छत. ती कापून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. गावं सगळी इतकी जवळ, की कधी जाणं झालंच नाही.

"पडून राहायला पुढे पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली होती. "सोमवारच्या आत मला चारही बघायची आहेत. तू फक्त गाडी चालव."

पार्माच्या मोठ्या चर्चमध्ये पेटीत नाणं टाकलं की घुमटावर दिवा लागतो. आम्ही आत गेलो तेव्हा तो लागलेलाच होता. वर रंगवलेल्या ढगांचा भोवरा, त्यात माणसंच माणसं, उघडे पाय खाली लोंबणारी. खाली मात्र कुणी नव्हतं. आम्ही घुमटाखाली पोचलो आणि खट् आवाज होऊन दिवा विझला.

मेणबत्त्या विकणारी पोरगी म्हणाली, "अहो मावशी, पुन्हा आलात? मघाशी केवढा वेळ मान वर करून बसला होतात. मान दुखेल हं."

"मी आत्ताच येतेय, बाळ."

पोरीने तिच्या राखाडी कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हो? मग दुसऱ्या कुणी असतील."

"बाजारात एका दिवशी शंभर कोट विकतात असले," आर्जिया मला म्हणाली. तिने नाणं टाकलं, पुन्हा टाकलं, आणि घुमट डोळे भरून पाहिला.

शनिवारी सकाळी मोदेनात तिला जिना चढवेना. दर चार पायऱ्यांनी भिंतीला हात लावून ती थांबायची. तिथल्या एका चर्चमध्ये येशूच्या देहाभोवती रडणारी मातीची माणसं आहेत, खऱ्या माणसांएवढी. त्या चेहऱ्यांवर असं काही दुःख आहे की आपण आवाज न करता उभे राहतो. चर्चचा म्हातारा राखणदार खुर्ची घेऊन लगबगीने आला.

"आता तरी बसा, बाई. मघाशी उभ्याउभ्याच रडत होतात. तब्येत बरी नाही का? रंग उतरलाय हो तुमचा."

आर्जिया बसली. "मी उभ्याने कधी रडत नाही," ती म्हणाली. "पाय दुखतात."

म्हातारा हसला. मी हसलो नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "घरी जाऊ या का?"

"वळवशील तर मी उतरून चालत जाईन."

फेर्राराला धुकं इतकं दाट होतं की भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावले होते. मी तिला चर्चसमोरच्या बाकावर बसवलं आणि गाडी लावायला गेलो. परत येताना किल्ल्याच्या खंदकाच्या कठड्याशी राखाडी कोट दिसला. ती पुढे चालली होती. एक हात कठड्यावर. चार पावलं, मग थांबा. पुन्हा चार पावलं. मला तिचा राग आला; बस म्हटलं तर बसेल तर शपथ. मी शीळ घातली.

ती वळली नाही.

शिळेला उत्तर आलं ते माझ्या मागून, बाकाकडून. मी मागे पाहिलं. आर्जिया बाकावरून उठून माझ्याकडे येत होती. हातात भोपळ्याच्या पावाचा तुकडा.

"लेआर्को... ती कोण रे?"

पुढची बाई थांबली. तिने मान वळवली नाही. फक्त कान दिल्यासारखी उभी राहिली. खंदकातल्या पाण्याचा कुजका वास येत होता, आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, इस्पितळातल्या स्पिरिटचा. मग ती चालू लागली. धुक्यात कोट आधी विरला. हात कठड्यावर मागे राहिल्यासारखा थोडा वेळ दिसत राहिला.

आर्जियाने हातातला पाव कोटाच्या खिशात टाकला. मग म्हणाली, "कोट माझ्यापेक्षा तिलाच नीट बसलाय."

"आर्जिया, घरी चल..."

"ऐक. ती सगळं माझ्याआधी बघते आहे. चारही संपवून ती बसेल, आणि मग माझ्या वाट्याला काय राहील? सोमवारी नुसतं टेबलावर पडायचं?" तिचे ओठ निळसर झाले होते, पण आवाज ठाम होता. "थोरल्या बहिणीचे उतरलेले कपडे घालून मी मोठी झाले. राव्हेन्ना मी कुणाचं उष्टं बघणार नाही. किल्ला राहू दे. गाडी काढ."

मी गाडी काढली. समुद्राकडे जाणारा तो रस्ता दलदलीतून जातो. पुढच्या काचेतून दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. वाटेत कुणी चालताना दिसलं तर थांबायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. राव्हेन्नाला एका साध्या खानावळीच्या माडीवर मुक्काम केला. सकाळी ती माझ्याआधी कोट घालून तयार होती. मला दाढी करायलाही वेळ दिला नाही.

निळ्या छताची ती इमारत बाहेरून काहीच नाही. विटांची, बुटकी, गोठ्याचं दार याहून उंच असतं. राखणदार किल्ल्या वाजवत आला.

"आमच्याआधी कुणी आलंय का?" आर्जियाने विचारलं.

"बाई, कुलूप तर मी आत्ता काढतोय. आत कबुतरंसुद्धा नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि शर्यत जिंकलेल्या पोरीसारखी हसली. वाकून आत गेली. मी चौकटीतून डोकावलो. वर गर्द निळं, आणि त्या निळ्यात सोन्याच्या चांदण्या, मोजायची सोय नाही इतक्या. पातळ दगडाच्या तावदानांतून मधाच्या रंगाचा उजेड येत होता. आर्जिया मान वर करून मधोमध उभी होती.

"लेआर्को," ती हळूच म्हणाली, "कॅलेंडरवाल्यांनी फसवलं रे आपल्याला. हे कुठे, ते कुठे."

राखणदार तिकिटाच्या खिडकीकडे निघून गेला. तेवढ्यात बाहेरच्या खडीवर पावलं वाजली. चार पावलं. थांबा. पुन्हा चार.

मी आतल्या बाजूला पाठ केली, दोन्ही हात चौकटीला टेकवले आणि दार अडवून उभा राहिलो. मी माझ्या बायकोला उभ्या जन्मात काही दिलं नाही. निदान एवढं तिला निवांत बघू द्यावं, एवढंच मनात होतं.

पावलं माझ्यापुढे येऊन थांबली. मी चेहरा बघितला नाही. खाली बघत राहिलो. आर्जियाचे जोडे होते, अंगठ्यापाशी फुगलेले, उजव्याची नाडी बदललेली.

"लेआर्को... बाजूला हो."

आवाज तिचाच होता. थकल्यावर असतो तसा.

"आत माणूस आहे," मी म्हणालो.

"मीच आहे रे... थंडी वाजते. मला आत येऊ दे."

तिने थंडी वाजते म्हटलं आणि मी माझा कोट काढून दिला नाही, असं आजवर झालं नव्हतं. माझे हात चौकटीवरून सुटायला आले. मी वळून पाहणार होतो, पण वळलो असतो तर दार मोकळं झालं असतं. म्हणून मी तशीच शीळ घातली. दोन खालचे सूर, एक वरचा.

पुढची गप्प राहिली. पाठीमागून, घुमटाखालून, बारीक शीळ आली. तिने घातली होती की माझीच घुमून परत आली, ते मला तेव्हाही कळलं नाही. पण मी ती धरून ठेवली.

"जा, बाई," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "इथे ती आधी पोचली. मी तुला आत सोडणार नाही."

जोडे बराच वेळ हलले नाहीत. ओल्या लोकरीचा वास, त्याखाली स्पिरिट. मग खडी वाजली. चार पावलं... चार पावलं... नंतर काहीच नाही.

आर्जिया बाहेर आली तोवर मी तोंड पुसून कोरडं केलं होतं. "कोण होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. पोटभर पाहिलंस?"

"पोटभर," ती म्हणाली आणि माझा हात धरून गाडीपर्यंत चालत आली.

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मार्चपासून ती जिना भिंतीला हात न लावता चढते. डॉक्टर म्हणतो, बाई चिवट आहे. शेजारणींना ती राव्हेन्नाच्या चांदण्या सांगत बसते, एकेक, आणि त्या कंटाळून उठून जातात.

परवा दुपारी ती टेबलावर कणीक लाटत होती. मी शेंगा सोलत होतो. अचानक तिने लाटणं थांबवलं आणि माझ्या गालावर पिठाचा हात ठेवला.

"एक सांगू? इतक्या वर्षांत तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दारात उभा होतास ना... दाढी वाढलेली, पाणी पार हनुवटीपर्यंत आलेलं. ओठ असे थरथरत होते. मला इतकी दया आली तुझी, लेआर्को. वाटलं, राहू दे, नको छळू याला."

ती पुन्हा लाटू लागली. त्या दारात माझी पाठ होती तिच्याकडे, पूर्ण वेळ. मी शेंगा सोलत राहिलो.

"जास्त जाड नको लाटू," मी म्हणालो.

"तुला आवडते तेवढीच लाटते," ती म्हणाली. आणि खरंच, तेवढीच लाटली होती.