रिकामी दाखवलेली गाडी

आळीत सगळे त्याला भोंगा म्हणत. गाड्यांना अलार्म बसवणं हा त्याचा धंदा, आणि बसवलेला अलार्म एकदा दणक्यात वाजवून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. त्यामुळे खुद्द त्याच्याच दारातली गाडी कारण नसताना भर दुपारी बोंबलू लागली, तेव्हा शेजाऱ्यांची आयतीच करमणूक झाली. "आधी घरचा बंद कर, मग दुनियेचे लाव," समोरचा शिंपी म्हणाला.

भोंग्याला मात्र हसू येईना. आत खिडकीशी त्याची आई पडून असायची. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तोवर तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी किंचाळली की ती दचकून उठायची, ओठ निळे पडायचे. घर आणि गाडी यांच्यामध्ये त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

जुना अलार्म धक्क्यावर चालणारा होता. त्यानं तो उघडून पाहिला, निर्दोष निघाला. एकदा तर तो शेजारी उभा असतानाच वाजला. मांजर नाही, चेंडू नाही, वारासुद्धा नाही. धक्का बाहेरूनच लागतो, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

मग त्यानं जुना काढून नव्या पद्धतीचा बसवला. त्याचा डोळा गाडीच्या आत असतो. आधी त्याला रिकामी गाडी शिकवावी लागते. दारं-काचा बंद करायच्या, बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत आतलं चित्र तो पाठ करतो. पुढे त्या चित्रात काही कमी-जास्त झालं की बोंब. धंद्यात याला 'रिकामी दाखवणं' म्हणतात, आणि त्याचा एक नियम आहे: बटण दाबण्याआधी मागचं दार उघडून सीटवरून हात फिरवायचा. एखादी पिशवी राहिली तर तीही चित्रात जाते.

भोंग्यानं हा नियम कधी मोडला नव्हता. पण त्या दिवशी तो मागच्या दाराला हात घालणार, एवढ्यात आतून आईनं हाक मारली. त्यानं घाईनं बटण दाबलं आणि तो आत धावला.

"त्यांना उतरू दे की," आई खिडकीतून बघत म्हणाली.

"कोणाला?"

"मागं बसलेत ते."

"उशी आहे ती आई, सीटची."

त्यानं पडदा ओढून घेतला. बाहेर दिवा विझला होता.

त्यानंतर गाडी गप्प झाली. आई गाढ झोपू लागली. बायको म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." भोंग्याला मात्र ती शांतता सोसेना. जेवताजेवता तो उठायचा, पडदा सारून गाडीकडे बघायचा आणि परत बसायचा. मागचं दार उघडून सीटवरून हात फिरवणं काही त्याच्याच्यानं झालं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, उजेडात, ती वाजली.

तो बाहेर पळाला. दारं बंद, काचा बंद, आत कुणी नाही. रिमोटनं अलार्म बंद केला, पुन्हा लावला. लगेच वाजला. पुन्हा बंद, पुन्हा लावला. पुन्हा तेच. आता मात्र तो घाबरला. शिकवलेल्या चित्रातलं काहीतरी कमी झालं होतं.

तो आईकडे धावला. ती दचकली नव्हती. पाय जवळ घेऊन, पलंगावर जागा करून बसली होती. ओठ गुलाबी होते.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"ओळखीचे नाहीत रे. पण माणूस सभ्य आहे. उद्या सोबत येतो म्हणाले."

बाहेर अलार्म आपोआप थांबला.

सकाळी त्यानं आईला धरून आणलं आणि मागच्या सीटवर बसवलं. दुसरी गाडी बोलवावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण बायकोला कारण काय सांगणार? आईची शाल आत राहिली होती. वळताना सवयीनं त्याचा अंगठा रिमोटवर पडला. दारं लागली, दिवा लुकलुकला.

तो जागच्या जागी थबकला. आता वाजणार.

काचेआडून आईनं हात हलवला. मग पदर सारखा केला. मग पुन्हा हात हलवला, चांगला मोठ्ठा.

गाडी गप्प.

बिघडला असेल. बिघडलाच असेल. त्यानं दार उघडलं, आईच्या शेजारी जाऊन बसला, दार ओढून घेतलं, बटण दाबलं. दिवा लुकलुकला. त्यानं श्वास रोखला आणि बोटभर हात उचलला.

अलार्म कानठळ्या बसतील असा किंचाळला. समोरचा शिंपी दुकानाबाहेर आला.

सिस्टीम ठणठणीत होती. तिच्या हिशेबी जास्तीचा तो एकटाच होता, आई नव्हे.

आईची पापणीसुद्धा लवली नाही. तिनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं, मग पलीकडच्या रिकाम्या बाजूला वळून हळूच म्हणाली, "जरा सरकता का? पोराला नीट बसू दे."